आत्यानं पाठवलेलं कापड

हाउमातो, वावाऊ बेट
सोमवार, ५ एप्रिल १९९३

केलेपी,

शेजारच्या मेलिआमेचा मोठा मुलगा बुधवारच्या बोटीनं राजधानीला निघतोय, तिथून पुढे विमानानं ऑकलंडला. त्याच्याबरोबर हे गाठोडं देते आहे. उतरवून घ्यायला चार माणसं ने. एकट्यानं उचलायला जाऊ नकोस, तुझी कंबर बाबांवर गेलीय आणि हट्टही.

आत सालकापड आहे, झाडाच्या सालीचं. तुकडा नाही, पूर्ण लांबीचं, मांडवभर पसरेल एवढं. तुझ्या लुपेच्या लग्नासाठी. आत्यानं पाठवलंय.

हे वाक्य तू दोनदा वाचणार, म्हणून मीच दोनदा लिहिते. लोसालिनेआत्यानं पाठवलंय. अकरा वर्षं काही थोडी नाहीत. भट्टीतले दगडसुद्धा निवतात, ती तर माणूस आहे.

तिच्या तोंडचे चार शब्द यात नाहीत, कारण पवित्र सप्ताहाच्या उपासनेसाठी ती नेइआफूला गेली आहे. गुरुवारी येईल. बोट काही तिच्यासाठी थांबायची नाही. आणि हे बघ, तिला उलट पत्र लिहू नकोस. तिला आता अक्षर दिसत नाही, वाचून दाखवायला कुणीतरी लागतं, आणि आपल्या गावात एकानं वाचलं की सगळ्यांनी वाचलं. आभार मानायचे असतील तर मला लिही, मी तिच्या कानावर घालीन. मेलिआमेलाही मी आत काय आहे ते सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की मग गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी येणार नाही. लुपेची आत्या मी, लग्नात तिनं माझ्या मांडीवर बसायचं, हे मला कुणी शिकवायला नको. तिचं नावही मीच ठेवलं होतं. जानेवारीत आत्याला विचारून पाहिलं. भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या घरात माझं कुणी नाही, मग तुझं कोण असणार?" आणि भाजी निवडत राहिली.

आता तू म्हणशील, जानेवारीत अशी म्हणाली आणि एप्रिलमध्ये कापड कसं पाठवलं? माणूस बदलतं रे. प्रत्येक गोष्टीची खोदखोद करू नये.

लुपेला माझे आशीर्वाद. विकावहिनीला सांग, कापड घडी घालून ठेवायचं नाही, गुंडाळून ठेवायचं, नाहीतर रंग फुटतो.

तोआकासे


हाउमातो
सोमवार, १० मे

केलेपी,

गेल्या रविवारच्या आधीचा रविवार मुलांचा होता. सगळी पांढऱ्या कपड्यांत, तेल लावून चकचकीत. आत्या नेहमीच्या जागी, पुढच्या बाकावर. पाठांतर तिनंच करून घेतलेलं, म्हणजे वर्षानुवर्षांचा तोच कारखाना. एक मूल अडखळलं की आत्याचे ओठ हलायचे आणि मूल पुढे जायचं. शेवटी पाद्रीबाबांनी तासभर प्रवचन दिलं. बाहेर आल्यावर आत्या त्यांना म्हणाली, "तुमचं प्रवचन लांबलं की भट्टीतलं डुक्कर करपतं बाबा, पाप मात्र कच्चंच राहतं." पाद्रीबाबा हसले. त्यांना तरी काय इलाज आहे? त्यांचंही पाठांतर लहानपणी तिनंच करून घेतलंय.

तुझं पत्र आलं. हे आधी लिहायला हवं होतं, पण हात दुसरीकडेच वळला.

मी ते मागे नीरफणसाखाली बसून वाचलं. केलेपी, तू इतकं उघडं लिहिशील असं वाटलं नव्हतं. भावाबहिणीची रीत म्हणून आपण मोठे झाल्यावर एका छपराखाली झोपलो नाही, एका चटईवर बसलो नाही. तू न्हाणीकडे निघालास की मी मागच्या दारानं बाहेर जायची. आणि आता तू बहिणीला लिहितोस की भर मांडवात ढसाढसा रडलो. मांडीवर बसायची वेळ आली, माझी जागा रिकामी, तेव्हा तू ते कापड गुंडाळून माझ्या जागी ठेवलंस आणि लुपेला त्याच्यावर बसवलंस. "ही माझ्या आत्याची मांडी," म्हणालास. "आई मला जन्म देऊन गेली, तेव्हा हिनं रताळं चावून चावून माझ्या तोंडात घातलं." आणि तुमच्या त्या गिटारवाल्या चर्चचे पाद्रीही गप्प बसले म्हणे.

हे वाचून मला जे वाटलं ते आनंद नव्हता. एवढंच लिहिते.

तू विचारलंयस, हे तिच्या गादीखालचंच ना? हो. तिनं स्वतःच्या मातीसाठी करून ठेवलेलं. चर्चच्या बायकांनी एक अख्खा पावसाळा मिळून साल ठोकून केलं होतं ते, आत्या रोज मधे बसून गाणं सुरू करायची आणि बाकीच्या त्या तालावर. तेव्हापासून ती त्याच्यावर झोपते. झोपायची. म्हणाली, मेल्यावर मला काय कळणार आहे.

आणि आता तू सप्टेंबरमध्ये येणार म्हणतोस. डुक्कर घेऊन, चटया घेऊन, आणि बाबांच्या वेळी जे केलं नाहीस ते करायला.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. बोलायची रीतही नाही. पण मी तिथं होते. बाबा ओटीवर, आत्या त्यांच्या उशाशी, मरणघरात तिचीच जागा ती. आपण दोघं पायथ्याशी, अंगावर शोकाच्या फाटक्या चटया, मेलेल्याच्या मुलांना साजेशा. आधी तिनं सुतकाच्या रीतीनं माझे केस कापले. मग तुला बोलावलं. तू वाकलास, कात्री कानाशी आली आणि तू डोकं मागे घेतलंस. "आमच्या चर्चमध्ये हे चालत नाही, आत्या." सगळ्या गावासमोर. तिनं कात्री रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, "आज माझा भाऊ गेला. भाचाही गेला." त्यानंतर या घरात तुझं नाव निघालेलं नाही.

म्हणून म्हणते, घाई कशाला? सप्टेंबरमध्ये इथं बायकांचा महिना असतो, आत्या सकाळ-संध्याकाळ चर्चमध्येच. पुढच्या वर्षी ये.

तोआ


हाउमातो
मंगळवार, २२ जून

केलेपी,

तू तिकीट काढलंस म्हणतोस. बोटीचं यंत्र बिघडलेलं आहे, सप्टेंबरपर्यंत सुधारेल असं वाटत नाही. शिवाय कोनफळं यंदा बारीक आहेत, तू आलास तर पंगत कशी घालायची? शिवाय आत्याची तब्येत.

तब्येतीचं खरं आहे. तिची कंबर धरलीय. रोज नारळाचं तेल कोमट करून चोळते. एकोणनव्वद वर्षांची कंबर आहे, धरणारच, असं मी तिला म्हटलं तर म्हणाली, "अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नव्हती धरली." गादी बदलू का म्हणून विचारलं. म्हणाली, "गादीला काय धाड भरलीय? गादी तीच आहे."

तिला अलीकडे जुनं फार आठवतं. त्या मोठ्या तापाच्या साथीत ती चौदा वर्षांची होती. आई, दोन बहिणी एका आठवड्यात गेल्या. गावात उभं राहू शकेल असं माणूस उरलं नव्हतं, तेव्हा हिनं एकटीनं चर्चचा ढोल वाजवला होता, रविवार आहे हे लोकांना पडल्या पडल्या कळावं म्हणून. कुणी आलं नाही. तिनं रिकाम्या बाकांसमोर गीत म्हटलं, प्रार्थना केली आणि घरी येऊन आपल्या भावाला, म्हणजे आपल्या बाबांना, पाणी पाजलं. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय. काल ती सांगताना मधेच थांबली आणि म्हणाली, "तुला माहीत आहे तोआ, त्या दिवशी मला देवाचा राग आला होता. प्रार्थना मी त्याला चिडवायला केली होती. बघ, तुझं घर मोकळं आहे, मी एकटी आलेय, असं." मग हसली. हे तिनं मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं.

लग्न झालं तेव्हा एकवीस वर्षांची. नवरा मासे मारायला गेला तो आलाच नाही, मूलबाळ नाही. पुन्हा लग्न कर म्हणून बाबा मागे लागले, तर म्हणाली, "एक नवरा समुद्रानं नेला. दुसरा मी चर्चला वाहिला असं समज." तेव्हापासून बायकांची प्रार्थना तिची. चुकार नवऱ्यांना घरी परत आणणं तिचं, रविवारी पोहणाऱ्या पोरांना झाडू तिचा. आणि आपण दोघं तिचे.

तिला काय हवं ते मी करते. मीठ कमी, तेल जास्त. तरी ती माझ्याकडे बघत बसते. डोळ्यांनी दिसत नसताना माणूस बघत कसं बसतं मला कळत नाही.

तू येऊ नकोस. किंवा ये, पण उशिरा ये.

तोआ


हाउमातो
मंगळवार, १३ जुलै

केलेपी,

परवाच लिहायला घेणार होते, पण परवा रविवार होता. रविवारी आपण लिहीत नाही. चोरी मात्र पवित्र सप्ताहातसुद्धा करतो.

कापड आत्यानं पाठवलं नाही. मी घेतलं. ती नेइआफूला गेल्यावर गादी उचलली, कापड काढलं आणि खाली तेवढ्याच उंचीच्या जुन्या चटया रचल्या. तिनं तुला माफ केलेलं नाही. तिला माहीतच नव्हतं. तू भर मांडवात ज्या मांडीसाठी रडलास ती मांडी मी चोरून आणलेली होती.

आता रविवारचं. मेलिआमेचा मुलगा शुक्रवारी परत आला आणि लग्नाचे फोटो घेऊन आला. शनिवारी दुपारपर्यंत ते अख्ख्या गावानं पाहिले. कापडाची नक्षी तर इथल्या निम्म्या बायकांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. मला कुणी काही विचारलं नाही, सगळ्या नुसत्या माझ्याकडे बघून हसत होत्या, प्रेमानं. मी घाबरून गेले, पण आत्याला सांगण्याची हिंमत झाली नाही. एक अख्खी दुपार मला मिळाली होती. मी त्या दुपारी अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून पुड्या बांधत बसले.

उपासना संपत आली तेव्हा चर्चचे कारभारी उभे राहिले. म्हणाले, "आज एका माणसाचे आभार मानायचे आहेत. लोसालिनेआजींनी अकरा वर्षांचा राग सोडला. स्वतःच्या मातीचं कापड भाच्याच्या लेकीला दिलं. असं प्रेम आपण प्रवचनात ऐकतो, आज डोळ्यांनी पाहिलं." सगळं चर्च एका आवाजात आभार मानत म्हणालं, "मालो, मालो!" काही बायका रडायला लागल्या.

मी मागच्या बाकावर होते. मला आत्याची फक्त पाठ दिसत होती. मला वाटलं, ती आता म्हणेल, कसलं कापड? आणि मी तिथंच मरेन. खरं सांगते, तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ती काठी टेकून उठली. मग म्हणाली, "हो. मी पाठवलं." आणि बसली.

पुढचं गीत नेहमी ती सुरू करते. तिनं सुरू केलं नाही. सगळे थांबले. पाद्रीबाबांनी खोकून पाहिलं. शेवटी मेलिआमेनं सुरू केलं, ते इतकं वरच्या सुरात की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे फाटले आणि पोरं फिदीफिदी हसली. आत्या हसली नाही. प्रभुभोजनाला सगळे पुढे गेले. ती जागेवरच बसून राहिली.

घरी आलो. जेवली नाही. काल दिवसभर नाही. आज सकाळी मी तेल घेऊन गेले तेव्हा पालथी पडून म्हणाली, "तू चोरी केलीस, मी देवाच्या घरात खोटं बोलले. घर छान शोभतंय आपलं."

मी पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले नाहीत, तेवढंच. मी म्हटलं, आत्या, मी रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून खरं सांगते. ती म्हणाली, "आणि त्या पोरीनं काय करायचं? लग्नात चोरीच्या कापडावर बसली होती, हे तिच्या सासरी कळू द्यायचं? तेवढी अक्कल असती तर आधीच वापरली असतीस."

मग मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? उत्तर माझ्या मनातून जात नाही.

"पहिल्याच रात्री," म्हणाली. "चटया बोचतात."

केलेपी, तीन महिने. तीन महिने ती त्या टणक चटयांवर झोपली आणि रोज सकाळी मी कंबर चोळली आणि विचारलं, काय होतंय, आत्या? आणि ती म्हणाली, वय झालं.

"मग बोलला का नाहीत?" मी रडत विचारलं.

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. आणि कुणासाठी नेलंस ते कळायला काही अक्कल लागत नव्हती. परत आण म्हटलं असतं तर तुला आणावं लागलं असतं. मी म्हटलं नाही. पण दिलंही नाही. तेवढंच माझ्याच्यानं झालं."

आत्या आपल्याकडून हवं ते घेऊ शकते, आपण तिच्याकडून काही घ्यायचं नसतं. हे आपल्याला चालायच्या आधी शिकवलं. मी उलटं केलं. तू विचारशील का केलंस. मी तुला सांगितलं असतं की तुमच्या दोघांसाठी. अर्धं ते खरं आहे. अर्धं असं की लुपेला मांडीवर घ्यायला तिनं मला जाऊ दिलं नाही, आणि अठ्ठावन्न वर्षांत मला एकदा तिला न विचारता काहीतरी करायचं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. पण तुला आता लाजेशिवाय पाठवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

तू ज्यासाठी येतोयस ते इथं नाही. तू डोकं पुढे करशील आणि तिचा हात उठेल की नाही मला माहीत नाही. सगळं गाव बघत असेल. म्हणून मी ती बोटीची थाप मारली. बोटीला काहीही झालेलं नाही.

तोआकासे


हाउमातो
बुधवार, २८ जुलै

केलेपी,

वरचं पत्र मी टाकलं नव्हतं. दोन आठवडे बायबलमध्ये घडी करून ठेवलं होतं. रोज ठरवायची आणि रोज वाटायचं, हे वाचलंस तर तू तिकीट फाडशील, आणि मग ती तुला न भेटताच जाईल, माझ्यामुळे. नाही वाचलंस तर तू फसून येशील, तेही माझ्यामुळे. आता दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते आहे.

आत्या गेल्या दोन रविवारी चर्चला गेली नाही. हे असं कधी झालेलं नाही. चक्रीवादळ झालं त्या वर्षी चर्चचं छप्पर गेलं होतं, तरी ती मोकळ्या भिंतींत जाऊन बसली होती. गावातल्या बायका विचारायला येतात, मी सांगते, कंबर. त्यांना ते पटतं, कारण पाद्री खोटं बोलेल पण लोसालिनेआजींच्या घरचं माणूस बोलणार नाही, असा त्यांचा समज आहे.

गादीखाली मी आता मऊ चटया घातल्या आहेत. तिनं घालू दिल्या.

काल सकाळी तिला बाहेर झाडाखाली बसवलं. नेइआफूची लाँच गेली, तिचा आवाज ऐकून तिनं विचारलं, "टाकलंस का पत्र?"

मी म्हटलं, कसलं पत्र?

"म्हणजे नाही टाकलंस."

मग ती म्हणाली, "इकडे ये. तुला एक सांगते. पाद्रीला सांगितलेलं नाही. प्रभूची प्रार्थना मी दिवसातून किती वेळा म्हणते?"

मी म्हटलं, कुणी मोजलंय?

"त्यात एक ओळ आहे. जशी आम्ही इतरांना क्षमा करतो. तिथं आले की मी नुसते ओठ हलवते. आवाज काढत नाही. तुझ्या बापाला पुरलं त्या दिवसापासून. देवासमोर खोटं बोलायचं नाही म्हणून. मी पुढे बसते ना, मागच्यांना काय कळणार? सगळ्या गावाला मी प्रार्थना सांगते आणि माझ्यात भोक आहे एवढं." तिनं बोटांनी दाखवलं, लिंबाएवढं.

मी तिचा हात धरला. ती हात सोडवून घेत म्हणाली, "रडू नकोस, मी तुझ्यासाठी नाही सांगितलं. माझं मला सांगितलं. तू चोरी केलीस ते चूकच. पण तुझ्या चोरीनं तो रडला. माझ्या खरेपणानं अकरा वर्षांत कोण रडलं?"

मी म्हटलं, मी रडले, आत्या.

"तू कशालाही रडतेस. कागद आण."

मी कागद आणला. ती सांगेल तसं लिहिलं, एक शब्द माझा नाही. खाली देते आहे.

"लिही. केलेपी. कापड मी पाठवलेलं नाही. तोआनं चोरलं. लिहिलंस?"

लिहिलं.

"लिही. आता ते लुपेचं आहे. परत आणलंस तर झाडूनं मारीन. मला मऊ चटई पुरते, प्रभूला तर कपड्यांचीही पर्वा नाही. लिही. मी तुला माफ केलेलं नाही. वाच."

मी वाचून दाखवलं. माझा आवाज फुटला. ती म्हणाली, "नीट वाच, कुणी मेलेलं नाही अजून."

परत वाचलं.

मग ती थांबली. अंगणात डुकरं केळीच्या साली खात होती. मेलिआमे कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती आणि तिचे कान इकडेच होते, ते दिसत होतं. आत्याला तिची चाहूल लागली असावी. ती मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"लिही. माफ करायचं आहे. देवापुढे बसून बसून बघितलं, एकटीला जमत नाही. तू समोर असल्याशिवाय हे होणार नाही असं दिसतं. तू डोकं पुढे कर नाहीतर करू नकोस, तुझं डोकं. पण समोर येऊन बस. मी तुझ्यावर ओरडेन. ओरडून झालं की मग बघू."

मी लिहिलं. विचारलं, आणखी काही?

"माझं वय लिही," ती म्हणाली. "आणि लिही, सप्टेंबर फार लांब आहे."

तोआ